उमरेडकडे तोंड, क्वालिटीवर लक्ष: नागपुरात फ्री डिशची छत्री स्वतः कशी लावायची

ज्यांनी छतावरचा ॲल्युमिनियमचा अँटेना फिरवला आहे, त्यांना हे आठवत असेल. एक जण वर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. अँटेनाचं तोंड सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे. वरून आवाज यायचा, "आलं का?" खालून उत्तर जायचं, "आलं, आलं... गेलं! थोडं मागं घे!" चित्रातल्या मुंग्या कमी झाल्या की वरचा माणूस खाली उतरायचा आणि काम संपायचं.

ती सवय अजून आपल्या हातात आहे, आणि आजच्या छत्रीचं काम तिथंच बिघडतं. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल थोडा कमी झाला की चित्र थोडं खराब व्हायचं, म्हणजे काय चाललंय ते डोळ्यांना दिसायचं. डिजिटलमध्ये तसं दिसत नाही. सिग्नल काठावर असला तरी चित्र काचेसारखं स्वच्छ असतं. काठ ओलांडला की चौकोन पडतात आणि पुढच्या क्षणी पडदा काळा होतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत कशीबशी लावलेली छत्री आणि नीट लावलेली छत्री टीव्हीवर सारखीच दिसते. दोन्हींतला फरक मृगाच्या पहिल्या दमदार सरीत कळतो. म्हणून चित्र दिसलं तरी अर्धंच काम झालं असं समजा. उरलेलं अर्धं म्हणजे पावसासाठी सिग्नलची शिल्लक जमवणं. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

जमिनीवरच्या टॉवरवरून होणारं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण देशभर बहुतेक ठिकाणी टप्प्याटप्प्यानं थांबलं. दर महिन्याला पैसे न भरता टीव्ही पाहायचा, तर आज बहुतेक घरांसाठी डीडी फ्री डिश हाच सोपा मार्ग आहे. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ही सेवा सुरू झाली. आता ती जीसॅट-15 या भारतीय उपग्रहावरून येते. हा उपग्रह 11 नोव्हेंबर 2015 ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सोडला गेला आणि विषुववृत्ताच्या वर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उभा आहे. सह्याद्री, डीडी न्यूज, संसद टीव्ही, शाळेच्या इयत्तांच्या ई-विद्या वाहिन्या आणि आकाशवाणीची काही केंद्रं एकदाच खर्च करून घरात येतात. ज्या घरात दर महिन्याचं रिचार्ज जड जातं, तिथं याचं मोल मी स्वतः पाहिलं आहे.

जागा निवडताना

नागपुरातून हा उपग्रह आग्नेयेला, पण थोडा दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलं तर सुमारे 144 अंश आणि क्षितिजापासून वर सुमारे 60 अंश. सीताबर्डीवर उभं राहून उमरेडकडे तोंड केलं, तर जवळजवळ हीच दिशा येते. दिघोरी नाक्यावरून उमरेड रोड जिकडे जातो, तिकडे. कामठी किंवा हिंगण्याला राहत असाल तर उमरेडऐवजी होकायंत्राचे 144 अंशच धरा. उपग्रह इतका दूर आहे की शहरभर आकडा तोच राहतो.

शेजाऱ्यांच्या छत्रीकडे पाहून आपली लावू नका. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. टाटा प्लेचे उपग्रह 83 अंशांवर आहेत, त्यामुळे त्यांची छत्री नागपुरात जवळपास दक्षिणेकडे, 169 अंशांना पाहते. एअरटेलचा उपग्रह 108 अंशांवर, त्याची छत्री बरीच पूर्वेकडे, 123 च्या आसपास. आपली या दोघांच्या मधली. सन डायरेक्टची छत्री मात्र बऱ्याचदा 93.5 अंशांकडे असते. ती शेजारी असेल तर सुरुवातीला तिची रेष धरायला हरकत नाही, पण खात्री 144 अंशांवरूनच करा.

60 अंशांची उंची आपल्या फायद्याची आहे, कारण छत्री बरीच वर पाहते. समोरची भिंत छत्रीपेक्षा 10 फूट उंच असेल तर ती 6 फुटांहून जरा जास्त दूर असली तरी चालते. झाड 20 फूट उंच असेल तर 12 फुटांहून जास्त अंतर हवं. झाडाच्या बाबतीत मात्र आजचं झाड मोजू नका, तीन पावसाळ्यांनंतरचं मोजा. नंदनवनात आमच्या मावशीकडे मी मार्चच्या सुरुवातीला छत्री लावली, तेव्हा समोरचा कडुनिंब पानगळीनं विरळ झाला होता आणि फांद्यांमधून आभाळ स्वच्छ दिसत होतं. पाडव्याला गुढीसाठी त्याचीच कोवळी पानं तोडली, आणि त्याच आठवड्यात चौकोन पडायला लागले. ताज्या, रसरशीत पानांतून हा सिग्नल जात नाही. शेवटी छत्री दुसऱ्या कोपऱ्यात हलवावी लागली.

जागा तपासायची एक पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात कोणतंही यंत्र लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत, सकाळी 11 च्या सुमारास, नागपुरातून पाहिलं तर सूर्य जवळजवळ नेमका या उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी छतावर जिथं ऊन आहे तिथं छत्री चालेल, जिथं सावली आहे तिथं नाही. सूर्याकडे बघू नका, जमिनीवरची सावली बघा. याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र आपोआप जातं आणि येतं. सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाच्या सिग्नलवर मात करतात म्हणून तसं होतं. तो बिघाड नाही, छत्रीला हात लावू नका.

सामान

60 सेंटिमीटरची, म्हणजे दोन फुटी छत्री नागपुरात पुरते. त्यापेक्षा लहान घेऊ नका. थोडी मोठी मिळाली तर पावसात उपयोगच होतो, फक्त वारा जास्त धरते. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसणारा सिग्नल पकडणारा डबा, युनिव्हर्सल, 9750/10600 लिहिलेला. टीव्हीला जोडायचा सेट-टॉप बॉक्स एमपीईजी-4 चा घ्या, जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर सगळ्या वाहिन्या येत नाहीत. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींच्या मागं सॅटेलाइटचं तोंड असतं. ते असेल तर आधी बॉक्स न घेता थेट वायर लावून पाहा. वायर आरजी-6, आणि तीही मधली तार तांब्याची असलेली. याच वायरीतून छतावरच्या एलएनबीला वीजही जाते, त्यामुळे स्वस्त वायर दुहेरी फसवते. दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घेऊन दोन वेगळ्या वायरी टाका.

याशिवाय पाना, ओळंबा, पेन्सिल, धारदार ब्लेड, जलरोधक रबरी टेप आणि चार फास्टनर लागतील.

पाइप आधी सरळ

छत्री ज्या पाइपवर बसते तो ओळंब्यात सरळ हवा. पाइप तिरका असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते, मग माणूस तासभर फिरवत बसतो आणि सिग्नल सापडत नाही. ओळंबा दोन बाजूंनी लावा, समोरून एकदा आणि काटकोनात एकदा. गवंडी भिंतीचा कोपरा तपासतो, अगदी तसा. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे, पण इथं दिलेली पंधरा मिनिटं पुढं तास वाचवतात.

स्लॅबमध्ये किंवा पक्क्या कठड्यात फास्टनर मारा. टिनाच्या छपरावर लावू नका, मे महिन्याच्या वादळात टिन थरथरतं आणि छत्री हलते. विटांच्या सांध्यातही फास्टनर धरत नाही. पाइप पडला तरी विजेच्या तारांवर जाणार नाही एवढं अंतर ठेवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीला आधी विचारा. आग्नेयेकडची गॅलरी उघडी असेल तर तिथूनही काम होतं. आणि हे काम सकाळी सातला सुरू करा. मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिलेलं हे शहर आहे. दुपारी तापलेल्या स्लॅबवर घाईत बसवलेली छत्री नीट बसत नाही.

कनेक्टर, सगळ्यात दुर्लक्षित जागा

एलएनबी उपग्रहाचा सिग्नल खाली आणून वायरीत सोडतो. उपग्रहाच्या 11090 मेगाहर्ट्झमधून एलएनबीवर लिहिलेले 9750 वजा केले की वायरीत 1340 मेगाहर्ट्झ येतात. इतक्या वरच्या लहरींना वायरीतली छोटी चूकही सहन होत नाही.

वायरीचं वरचं काळं आवरण दीड सेंटिमीटर सोला. ब्लेड हलक्या हातानं गोल फिरवा, खालची जाळी कापली जाऊ नये. जाळी आणि चकचकीत पन्नी उलटी मागं दुमडा. आता पांढरा फोम एक सेंटिमीटर काढा म्हणजे तांब्याची तार उघडी पडेल. थांबा आणि जवळून बघा. जाळीचा केसाएवढा एखादा तंतू त्या तारेला चिकटलेला आहे का? असेल तर तो शॉर्ट आहे, आणि बॉक्सवर सिग्नलचा आकडा शून्य येईल. तो उचलून मागं घ्या. तारेवर फोमची पातळ साय राहिली असेल तर नखानं खरवडा. मग एफ कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारं आट्यांचं तोंड, घट्ट पिळत चढवा, पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी येईपर्यंत. तार तोंडाबाहेर दोन मिलिमीटर दिसावी, त्याहून फार नाही.

वरचा कनेक्टर लावल्यावर रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखे एकावर एक थर येतात आणि पाणी आत शिरत नाही. साधी वायरमनची टेप नागपूरच्या उन्हात चिकट लगद्यासारखी होते, ती वापरू नका. एलएनबीखाली वायरीला एक खालचं वळण ठेवा. पाणी वायरीवरून ओघळत येतं, वळणाच्या तळाशी थेंब होऊन पडतं आणि कनेक्टरपर्यंत पोचत नाही. घरात वायर जिथं शिरते, तिथंही तसंच वळण ठेवा.

या दुसऱ्या वळणाबद्दल मुद्दाम सांगतो. आपल्याकडे वायर आत घ्यायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे कूलरची खिडकी. एका ओळखीच्या घरी रोज दुपारी टीव्ही जायचा आणि रात्री यायचा. सगळ्यांना वाटायचं उन्हामुळे. मी कूलरच्या मागं हात घातला तर वायरीचा सांधा ओला लागला. टेप सोडल्यावर आत तांब्यावर हिरवा गंज, आणि कूलरच्या खाऱ्या पाण्याची पांढरी पापडी. कूलर सुरू झाला की वायरीवरून थेंब सांध्यात जायचे, रात्री वाळायचे. नवी सलग वायर टाकली, कूलरपासून हातभर दूरून, आणि ते दुखणं गेलं. मध्ये सांधा ठेवूच नका. वायर कमी पडली तर पूर्ण नवी टाका.

बॉक्समध्ये काय भरायचं

मेन्यूत इन्स्टॉलेशन किंवा डिश सेटअप उघडा. उपग्रह जीसॅट-15 किंवा 93.5 ई. एलएनबी प्रकार युनिव्हर्सल 9750/10600. एलएनबी पॉवर चालू. 22 के ऑटो. डायसेक बंद. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरचा वाहिन्यांचा एक गट पाठवणारा भाग, 11090, व्ही, 29500. आता खाली दोन पट्ट्या दिसतील: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी.

स्ट्रेंग्थकडे बघून हुरळू नका. ती फक्त सांगते की वायरीतून काहीतरी येतंय. छत्री चुकीच्या उपग्रहाकडे असली तरी, अगदी नुसत्या आभाळाकडे असली तरी ती भरलेली दिसू शकते. आपल्याला हवा तो सिग्नल किती स्वच्छ येतोय, हे क्वालिटी सांगते. पुढं सगळं तिच्यावर.

शोध

मोबाइलचं होकायंत्र उघडा, पण पाइपजवळ नको. लोखंडी पाइप, टाकीचा स्टँड, स्लॅबमधल्या सळया सगळे त्याला भुलवतात. मोबाइल छातीच्या उंचीवर धरून पाइपच्या मागं, वायव्येच्या बाजूला चार-पाच पावलं जा, आणि पाइपवरून पुढं पाहत 144 ची रेषा येईल तिथं उभे राहा. त्या रेषेत दूरची एखादी खूण हेरा, पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, एखादं देऊळ. आता मोबाइल खिशात ठेवा आणि छत्रीचा दांडा त्या खुणेकडे करा. नागपुरात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा वेगळी वजाबाकी नको.

उंची छत्रीच्या मागच्या पट्टीवर 60 ला ठेवा. छत्री त्या मानानं बरीच उभी दिसेल आणि तुम्हाला वाटेल काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. या छत्र्या ऑफसेट असतात, एलएनबी मध्यावर नसून खाली असतो, त्यामुळे त्या दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहतात. पट्टीवर हा हिशेब सहसा आधीच धरलेला असतो.

उंचीचे बोल्ट घट्ट, बाजूचे इतकेच सैल की छत्री जोर लावल्यावर हलेल. खाली टीव्हीसमोर कोणाला तरी बसवा आणि फोन चालू ठेवा. मी भाचीला बसवतो आणि एकच गोष्ट बजावतो: चित्र कसं आहे ते सांगू नकोस, फक्त क्वालिटीचा आकडा वाच. ती वाचते, "शून्य... शून्य... शून्य... अठ्ठेचाळीस!" आणि मी थांबतो.

हळू फिरवा. खुणेच्या डावीकडे दहा अंशांवरून सुरू करून उजवीकडे या. एक अंश म्हणजे छत्रीच्या कडेला फक्त 5 मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढं. तेवढं सरकवा आणि मनात चार मोजा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. बहुतेक लोक सिग्नलवरून झर्रकन पुढं निघून जातात ते याचमुळे. पूर्ण फेरीत काहीच आलं नाही तर उंची दोन अंश वाढवून पुन्हा, मग दोन अंश कमी करून पुन्हा. चित्र आलं पण वाहिन्या भलत्याच असतील, तर बहुधा डिश टीव्हीचा 95 अंशांवरचा उपग्रह सापडला आहे. तो अगदी शेजारीच आहे. किंचित दक्षिणेकडे या.

क्वालिटी आली की जुनी सवय म्हणते, आता घट्ट करून खाली चला. थांबा. छत्री डावीकडे सरकवत न्या, क्वालिटी पूर्ण जाईल तिथं पाइपवर पेन्सिलीची रेघ मारा. मग उजवीकडे, तिथंही रेघ. छत्री दोन रेघांच्या बरोबर मध्ये आणा. उंचीलाही असंच करा. सगळ्यात मोठा आकडा शोधत बसण्यापेक्षा ही रीत भरवशाची आहे, कारण बॉक्सचा आकडा वर गेल्यावर अडकल्यासारखा होतो, पण दोन कडा खोटं बोलत नाहीत.

मग एलएनबी. त्याचा क्लॅम्प सैल करून तो जागच्या जागी फिरवा. छत्रीच्या मागं, उपग्रहाकडे तोंड करून उभं राहिलं तर वायरीचं तोंड घड्याळातल्या सहाच्या जागेवरून पाचच्या दिशेला, साधारण 33 अंश. हा सुरुवातीचा अंदाज. तिथून थोडं इकडे-तिकडे करून क्वालिटी जिथं सगळ्यात वर जाते, तिथं ठेवा. बरेच जण हा टप्पा सोडतात, आणि नेमके त्यांचेच फोन पावसाळ्यात येतात.

बोल्ट घट्ट करताना एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. सायकलच्या चाकासारखे आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा. आवळताना छत्री ओढली जाते, म्हणून शेवटच्या फेऱ्यापर्यंत आकडा वाचत राहा. नंतर 11170 आणि 11470 या ट्रान्सपॉन्डरवरही, व्ही 29500 ठेवून, क्वालिटी बघा. तिन्ही ठीक असतील तर ऑटो किंवा ब्लाइंड स्कॅन करा, म्हणजे बॉक्स वाहिन्या स्वतः शोधून घेईल. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं बदलतात, त्यामुळे एखादी वाहिनी गायब झाली तर आधी पुन्हा स्कॅन, छतावर नंतर.

वर्षभरात

मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर ते साहजिक आहे. या लहरी दाट पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. साध्या रिमझिमीत जात असेल तर मात्र दिशा किंवा कनेक्टर पुन्हा बघा. गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग काढाच, पण छतावरून येणारी वायरही मागून सोडवा. नुसता प्लग काढून बॉक्स वाचत नाही. पाइपचं अर्थिंग वायरमनकडून करून घ्या.

संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन या. नागपूरच्या छतांवर त्या दिवसांत मांजाचं जाळं पडतं. तो एलएनबीच्या दांड्यात अडकतो आणि कोणी खालून ओढला की दांडा वाकतो. मांजा ओढून तोडू नका, कात्रीनं कापा. मेअखेरीला, वादळं सुरू होण्याआधी, चारही बोल्ट पान्यानं तपासा. वायर बांधायला पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वापरल्या असतील तर त्या उन्हानं ठिसूळ होऊन तुटलेल्या सापडतील. काळ्या घ्या, किंवा लोखंडी क्लिपा मारा.

आणि सगळं झाल्यावर, टीव्हीच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा: तारीख, तिन्ही ट्रान्सपॉन्डरची त्या दिवसाची क्वालिटी, आणि हवा कशी होती ते. प्रत्येक बॉक्सची मोजपट्टी वेगळी असते, शेजाऱ्याच्या 80 शी आपल्या 65 ची तुलना होत नाही. पण पुढच्या वर्षी चित्र अडखळलं तर आपला कालचा आकडा आणि आजचा आकडा शेजारीशेजारी असेल. तिन्ही आकडे सारखेच घसरले असतील तर छत्री हलली आहे किंवा समोर झाड वाढलं आहे. आकडे क्षणाक्षणाला वरखाली नाचत असतील तर ब्लेड आणि नवा कनेक्टर घेऊन वर जा.